ड्रायव्हर अपडेट करा, फक्त दहा मिनिटांत

शिरवळ व पंचक्रोशीतल्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका. दहा मिनिटांत लाइट जाणं, पाहुणे येणं आणि विंडोजनं स्वतःहून रीस्टार्ट होणं धरलेलं नाही.

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांच्या घरचा कॉम्प्युटर आत्ता व्यवस्थित चालू आहे, त्यांच्यासाठी. बिघडलेल्या कॉम्प्युटरचे मालक मार्गदर्शिका वाचत बसत नाहीत, ते भाच्याला फोन लावतात. भाचा हिंजवडीत असतो, रविवारी दुपारी फोन उचलतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "मामा, रीस्टार्ट करून बघितलं का?" तुमच्यावर अजून ती वेळ आलेली नाही. खालच्या पायऱ्या घाईघाईनं केल्यात तर येईल.

शिरवळला अशी घरं पुष्कळ. कुणी एमआयडीसीतल्या बोनसमधून कॉम्प्युटर आणला, कुणी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीसाठी, तर कित्येकांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी. मुलं कधीच मोबाइलवर गेली, कॉम्प्युटर हॉलमध्ये राहिला. आता त्याच्यावर सातबारा निघतो, हॉल तिकीट निघतं आणि एरवी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो. मग एका सकाळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सूचना झळकते, की तुमचे ड्रायव्हर जुने झाले आहेत. या क्षणापासून ही मार्गदर्शिका लागू.

लागणारं साहित्य

कॉम्प्युटर: एक नग.

वीज: अखंड. महावितरणचा देखभालीचा वार कोणता ते शेजारी विचारून घ्या आणि तो टाळा. घरात यूपीएस असेल तर चांगलंच, पण त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली हे आठवत नसेल तर यूपीएस नाही असं समजून चाला.

इंटरनेट: फायबर असेल तर उत्तम. सर्व्हिस रोडला जेसीबी उभा दिसला तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

पेन ड्राइव्ह: आठ जीबीचा, आणि ज्यात कुणाच्या लग्नाचे फोटो नाहीत असा. त्यात वायफायचा किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. इंटरनेटचा ड्रायव्हर गेल्यावर तो इंटरनेटवरून आणता येत नाही, ही गोष्ट माणसाला नेमकी तो गेल्यावर कळते.

वही आणि पेन: यात विनोद नाही. कोणत्या तारखेला काय बदललं आणि आधी कोणती आवृत्ती होती, हे लिहायला लागतात.

थोडी ओळख

विंडोजला प्रिंटरची भाषा येत नाही आणि प्रिंटरला विंडोजची. त्यांच्यात सोयरीक जमवणारा मध्यस्थ म्हणजे ड्रायव्हर. तो इकडचं तिकडे सांगतो, तिकडचं इकडे, आणि काही बिनसलं की दोन्हीकडचा बोल त्यालाच लागतो. आवाज, पडदा, वायफाय, कॅमेरा, टचपॅड अशा प्रत्येकाला आपापला मध्यस्थ असतो, नि एकूण संख्या शंभराच्या घरात सहज जाते.

बरेचसे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात. ब्राउझर कोलमडला तर ब्राउझर बंद पडतो. कर्नलमधला ड्रायव्हर कोलमडला तर अख्खा कॉम्प्युटर बसतो आणि निळी पाटी येते. (विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं २०२५ साली ती काळी केली. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यात फरक पडला नाही.) म्हणूनच व्हिस्टापासूनची ६४ बिटी विंडोज कंपनीची डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हर दारातच अडवते. मात्र सहीवरून तो कुणाकडून आला तेवढं कळतं. तुमच्या कॉम्प्युटरवर तो नीट चालेल, असं आश्वासन त्या सहीत नसतं.

पायरी १: पाहणी

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा. उघडलेल्या यादीत डिव्हाइस मॅनेजर असेल, तो उघडा. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये खरोखर काय काय आहे याचा पाढा समोर येईल. दुकानदारानं सांगितलं होतं त्याच्याशी तो ताडून पाहू नका, आजचा विषय तो नाही.

आता पिवळा त्रिकोण शोधा. ज्या नावावर उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण असेल, त्याचं काहीतरी बिनसलं आहे. त्यावर डबल क्लिक केली की कारणाचा आकडा मिळतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर घातलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानं स्वतःच अडचण कळवली आणि विंडोजनं ते थांबवलं. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलंय, तेव्हा आधी घरातल्या मुलांची चौकशी करा.

काही वेळा नाव न देता 'अननोन डिव्हाइस' एवढंच लिहिलेलं असतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा आणि हार्डवेअर आयडी निवडा. व्हीईएन या अक्षरांपुढचा क्रमांक बनवणाऱ्या कंपनीचा, डीईव्हीपुढचा त्या वस्तूचा. ८०८६ दिसलं तर वस्तू इंटेलची. १९७८ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव त्या कंपनीनं ओळख क्रमांक म्हणून घेऊन टाकलं. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. हे दोन क्रमांक वहीत उतरवा. भाच्याला फोनवर "आवं, ते बारकं काहीतरी हाय, कोपऱ्यात" असं सांगण्यापेक्षा हे क्रमांक सांगितले तर त्याचा आवाज लगेच बदलतो.

तारखा बघून हळहळू नका. पुष्कळ ड्रायव्हरांपुढं २१ जून २००६ ही तारीख दिसेल. कॉम्प्युटर तर तीन वर्षांपूर्वीचा, मग ड्रायव्हर २००६ चा कसा? दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला नाही. विंडोजसोबत येणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दाम ही तारीख टाकते, म्हणजे कंपनीचा खास ड्रायव्हर नेहमीच नवा ठरतो आणि विंडोज त्याला बाजूला सारत नाही. आतला मजकूर ताजा असतो. ड्रायव्हरचं वय तारखेवरून ठरत नाही ते असं.

पिवळा त्रिकोण एकही नाही, आवाज येतोय, प्रिंट निघतेय, वायफाय टिकतंय? मग मार्गदर्शिका संपली. खिडकी बंद करा आणि चहा ठेवा. लेखातली ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे. तुम्ही पुढे वाचताय, म्हणजे ती पाळलेली नाही.

पायरी २: मोहाचं बटण

कोणत्याही नावावर उजवी क्लिक केली की 'अपडेट ड्रायव्हर' दिसतं. दाबा. स्वतःहून शोधायला सांगा. हिरवी रेघ इकडून तिकडे धावेल आणि उत्तर येईल, की या उपकरणासाठी सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच घातलेला आहे. हे ऐकून बरं वाटतं. पण त्याचा अर्थ 'माझ्या गाठोड्यात याहून चांगला सापडला नाही' एवढाच असतो.

नवं काही आलं असेल तर ते दुसरीकडे ठेवलेलं असतं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, असा मजल दरमजल प्रवास करा. तिथं ड्रायव्हरांची यादी असते आणि तिच्या डोक्यावर मायक्रोसॉफ्टनंच लिहिलेलं असतं, की एखादी ठरावीक अडचण असेल तर यातलं काही उपयोगी पडू शकेल, नाहीतर नेहमीचे अपडेट पुरेसे आहेत. ही सूचना न वाचता सगळ्या चौकटींवर टिक करणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. आज तो तुम्ही नसावा.

पायरी ३: माल कुठून आणावा

गूगलवर ड्रायव्हरचं नाव घातलं की वरच्या दोन-तीन ओळी जाहिरातींच्या असतात. उघडलेल्या पानावर मोठी हिरवी डाउनलोडची बटणं असतील, एकापेक्षा एक टपोरी. हवी ती फाइल त्यांच्यापैकी कशातच नसते. ती असलीच तर खाली, बारीक अक्षरात, करड्या रंगात असते.

याहून वाईट म्हणजे 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं. ती घरात घेतली की डझनावारी जुने ड्रायव्हर लाल अक्षरांत दाखवतात आणि ते काढायचे पैसे मागतात. त्या लाल यादीतले निम्मे २१ जून २००६ चे असतात. तुम्ही आता ओळखलंत.

योग्य क्रम असा. आधी विंडोज अपडेट. तिथं नाही मिळालं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची अधिकृत साइट. त्यासाठी लॅपटॉप उलटा करा, बुडाच्या चिकटपट्टीवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. (मॉडेलचं नाव पुसलं गेलं असेल तर स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधा.) तिथंही नाही मिळालं तरच चिप बनवणाऱ्या इंटेल, एएमडी किंवा रिअलटेकचं दार ठोठावा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून जोडून आणलेला कॉम्प्युटर असेल तर बिलावर 'कॉम्प्युटर १ नग' एवढीच माहिती असते. अशा वेळी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्डची ओळ पाहा. मदरबोर्डचं नाव तिथं असतं आणि ड्रायव्हर त्या कंपनीच्या साइटवर.

अधिकृत म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. मे २०१७ मध्ये उघड झालं, की एचपीच्या काही लॅपटॉपांत आवाजाच्या ड्रायव्हरसोबत आलेला एक प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाइलीत लिहून ठेवत होता. माइक बंद करायची कळ दाबली का, एवढंच त्याला पाहायचं होतं. पासवर्डही त्यातच जमा झाले. एचपीनं दुरुस्त अपडेट काढलं, आणि तिथं अपडेट करणं हाच उपाय होता.

उलटं उदाहरण २०१४ चं. एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघरी गेला. कंपनीच्या चिपची नक्कल केलेल्या स्वस्त यूएसबी केबली ओळखून त्यानं त्यांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. आपण घेतलेली केबल नकली आहे हे घेणाऱ्याला कधी ठाऊकच नव्हतं. रात्री चालणारी केबल सकाळी विंडोजच्या लेखी अस्तित्वातच राहिली नाही. गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मजकूर या दोहोंच्या मधे बसतो.

पायरी ४: प्रिंटर

इथं थोडं पाणी प्या.

घरच्या कॉम्प्युटरचा ड्रायव्हर शोधणाऱ्यांपैकी बहुतेक जण मुळात प्रिंटरसाठीच निघालेले असतात. आपल्याकडे घरात नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० दिसतोच. ही यंत्रं मरत नाहीत. मालकाची दोन-तीन कॉम्प्युटरं बदलतात, विंडोजच्या चार आवृत्त्या येऊन जातात, प्रिंटर तसाच कुरकुरत कागद काढतो. अडचण नेमकी हीच. यंत्राचं आयुष्य मोठं आणि त्याच्या ड्रायव्हरकडे लक्ष देणाऱ्या कंपनीची हौस छोटी.

शिवाय हे प्रिंटर स्वतः फार विचार करत नाहीत. पानाचं चित्र तयार करण्याचं काम ते कॉम्प्युटरवर ढकलतात. लेझरजेट १०२० ला तर चालू केल्यावर त्याचं स्वतःचं फर्मवेअरही कॉम्प्युटरकडून भरून घ्यावं लागतं. म्हणून ड्रायव्हर बिघडला की हा प्रिंटर म्हणजे दिवा लागणारा डबा. ३२ बिटी विंडोजचा जुना ड्रायव्हर ६४ बिटी विंडोजवर चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. जुनी सीडी कितीही जपून ठेवली असली तरी तिचा उपयोग आता झाडाला टांगून चिमण्या हाकलायलाच.

नेहमीच्या तीन तक्रारी आणि त्यांचे उपाय:

पहिली: प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. आधी केबल काढून लावा. मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर रीस्टार्ट करा. ड्रायव्हरला हात लावायची गरज दहातल्या आठ वेळा पडत नाही.

दुसरी: यादीत एकाच प्रिंटरची 'कॉपी १', 'कॉपी २' अशी भावंडं दिसतात. केबल दर वेळी वेगळ्या यूएसबी भोकात लावली की विंडोजला तो नवा प्रिंटर वाटतो. भोक ठरवा, त्यावर खूण करा आणि बाकीची भावंडं काढून टाका.

तिसरी: कालपर्यंत निघणारी प्रिंट अपडेटनंतर बंद झाली. जुलै २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमध्ये मोठं भगदाड सापडलं. त्याला प्रिंटनाइटमेअर असं नाव पडलं आणि मायक्रोसॉफ्टनं ठरल्या वेळापत्रकाबाहेर जाऊन ते बुजवलं. पुढच्याच महिन्यापासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागू लागली. सुरक्षा वाढली आणि छपाई अडली, पण दोन्ही एकाच कारणानं.

यापुढचं चित्रही बदलतंय. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आणि सगळ्या प्रिंटरनी आयपीपी ही एकच सामाईक पद्धत वापरायची. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर 'मोप्रिया' लिहिलंय का ते बघा. तसा प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवायही छापतो.

आणि प्रिंटरवर रागावलात तर लाजू नका, या रागाला परंपरा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरमध्ये केलेली होती. नव्यात ती करायला सोर्स कोड हवा होता, तो त्यांना मिळाला नाही. तो राग त्यांनी जपून ठेवला. १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. तुमच्या रागातून एवढं निघालं नाही तरी हरकत नाही, सातबारा निघाला तरी पुरे.

पायरी ५: आबांचा अंगठा

घरात पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. २०१४ साली जीवन प्रमाण योजना आली तेव्हापासून घरबसल्या अंगठा लावून तो देता येतो. त्यासाठी अंगठ्याचं छोटं यंत्र, त्याचा ड्रायव्हर आणि शिवाय 'आरडी सर्व्हिस' नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. ड्रायव्हर यंत्र चालवतो, आरडी सर्व्हिस ते आधारच्या व्यवस्थेत नोंदलेलं आहे याची खात्री देते. दिवा लागतो पण अंगठा घेत नाही, असं असेल तर ड्रायव्हर सोडा आणि आरडी सर्व्हिसची नोंदणी व मुदत तपासा.

पण यंत्र जुन्या एल-० प्रकारचं असेल तर कोणताही ड्रायव्हर कामाचा नाही. त्या प्रकारात ठशाचं एन्क्रिप्शन कॉम्प्युटरवर होतं. आता आधारला एल-१ यंत्रं हवीत, ज्यांत ते यंत्राच्या पोटातच होतं. पोटात जे नाही ते डाउनलोड करता येत नाही. आबांना मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, तोच मार्ग धरा आणि "अंगठा पुसून लावा की" असं त्यांच्यावर ओरडू नका.

पायरी ६: परतीची वाट

ही पायरी खरं तर सगळ्यांत आधी करायची. इथं छापली, कारण सगळे जण इथंच पोचल्यावर ती शोधतात.

काहीही बदलण्याआधी स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. सिस्टिम प्रोटेक्शन बंद असेल तर चालू करा, पॉइंट तयार करा आणि त्याला आजची तारीख द्या. मग एका वेळी एकच ड्रायव्हर बदला, रीस्टार्ट करा आणि दोन दिवस वापरून बघा. एकदम पाच बदलले आणि आवाज गेला, तर पाचांतला आरोपी कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

नवा ड्रायव्हर पटला नाही तर डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक ड्रायव्हर. बटण फिकट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर जपून ठेवलेला नाही, मग रिस्टोअर पॉइंटच कामाला येतो. पडदाच काळा झाला तर सेफ मोडमध्ये जाऊन हेच करा.

रोल बॅकची कल्पना शिरवळकरांना नव्यानं समजावायला नको. १६४८ साली आदिलशाहीच्या फत्तेखानाच्या फौजेनं नीरेकाठचा इथला सुभानमंगळ किल्ला घेतला, आणि लगोलग शिवाजी महाराजांच्या कावजी मल्हार यांच्या तुकडीनं चालून येऊन तो परत मिळवला. शिरवळच्या भुईवर आधीची स्थिती पुन्हा आणणं किती निकडीचं असतं, याचा एवढा जुना दाखला दुसरा नाही. तुमच्याकडे मात्र कावजी मल्हार नाहीत. तुमच्याकडे भाचा आहे, आणि तो खेड-शिवापूरचा टोल ओलांडून रविवारीच येणार. तेव्हा रिस्टोअर पॉइंट करा.

पायरी ७: बायोस

ही पायरी नाही. बायोसचं अपडेट म्हणजे ड्रायव्हरचं अपडेट नव्हे. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो. कंपनीनं सुरक्षेसाठी मुद्दाम सांगितलं असेल, लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल, चार्जर लावलेला असेल आणि आभाळ स्वच्छ असेल तरच हात लावा. वळवाच्या दिवसांत तर नकोच.

इशारा: मोठ्यांच्या घरीही हेच

आपण नवशिके म्हणून चुका करतो, असा समज असेल तर तो सोडा. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाच्या १९६.७५ या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरेनासे झाले, कार्डं तापली आणि कंपनीला तो ड्रायव्हर परत घ्यावा लागला.

मग १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो. त्याला रोजची माहिती पुरवणारी एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. बँका, रुग्णालयं, विमानतळ अडले. आपल्याकडे इंडिगोनं हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. उपाय काय होता? एकेका कॉम्प्युटरला सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल हातानं पुसणं. घरचे कॉम्प्युटर वाचले, कारण हे सॉफ्टवेअर घरी कुणी घालत नाही. त्या दिवशी शिरवळच्या हॉलमधला रुमालाखालचा कॉम्प्युटर जगातल्या कित्येक कचेऱ्यांपेक्षा धडधाकट होता.

मग अपडेट करायचं तरी कधी?

चार वेळा. एक, पिवळा त्रिकोण असेल तेव्हा. दोन, काही ठरावीक गोष्ट बिघडली असेल आणि नव्या ड्रायव्हरच्या टिपणात तीच गोष्ट दुरुस्त केल्याचं लिहिलं असेल तेव्हा. तीन, कंपनीनं सुरक्षेचं भगदाड बुजवलं असेल तेव्हा, आणि मग उशीर करू नका. सही असलेले पण भगदाड असलेले जुने ड्रायव्हर वापरूनच हॅकर कर्नलमध्ये शिरतात. अशांची काळी यादी विंडोज ११ आपल्याजवळ बाळगते. चार, घरात नवा गेम आला असेल आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तेव्हा. यातलं काहीच नसेल, तर नवा ड्रायव्हर म्हणजे निव्वळ नवा ड्रायव्हर. 'चालतंय तर हात लावू नका' आणि 'अपडेट ठेवा' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणतं कधी खरं, एवढंच शिकायचं असतं.

नवशिक्यांचे प्रश्न

*ड्रायव्हर अपडेट केल्यानं कॉम्प्युटर पळायला लागतो का?* गेम खेळत असाल तर थोडा फरक पडू शकतो. एरवी नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, मग पळतो.

*कीबोर्ड आणि माउसचा ड्रायव्हरही अपडेट करू का?* अक्षरं उमटतायत ना? मग नको. माउस गेल्यावर 'पुन्हा घाला' यावर क्लिक कशानं करणार?

*शेजारच्या नानांनी केलं, त्यांचं सगळं नीट चाललंय.* नानांचा कॉम्प्युटर वेगळ्या कंपनीचा आहे. शिवाय नाना न चाललेलं सांगत नाहीत.

*माझ्याकडे विंडोज १० आहे.* १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ते जमत असलं तरी चढण्याआधी प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र यांचे विंडोज ११ चे ड्रायव्हर आहेत का, ते एकेक तपासा. चढून गेल्यावर तपासण्यात अर्थ नाही.

*फोनवरून एक जण म्हणतो, तुमच्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर खराब झालेत, ॲप घाला.* फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट कुणाच्या घरी फोन करत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर कळवा.

वार्षिक देखभाल वेळापत्रक

दर महिन्याचा दुसरा मंगळवार: मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे सुरक्षा अपडेट. हा रिवाज २००३ पासूनचा. आपल्याकडे ते मंगळवारी रात्री उतरतात, म्हणून बुधवारी सकाळी कॉम्प्युटर रीस्टार्टसाठी अडून बसतो. गुरुवारी परीक्षा असेल तर हॉल तिकीट सोमवारीच छापून ठेवा.

जून: प्रवेशांचा महिना. प्रिंटरचं एक चाचणी पान काढून बघा. निघालं तर ड्रायव्हरला नमस्कार करून पुढे चला.

दिवाळीआधी: कॉम्प्युटर बंद करून पंख्यातली धूळ काढा. तापून हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरचं दुखणं पुष्कळदा ड्रायव्हरमध्ये नसून तिथं असतं.

नोव्हेंबर: आरडी सर्व्हिसची मुदत तपासा, आबांना वेळेत बसवा.

ज्या दिवशी काही बदलाल तो दिवस: वहीत तारीख, उपकरण, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती.

उरलेले दिवस: कॉम्प्युटर वापरावा. त्यासाठीच घेतला होता.